एक तरी चूक काढा

आमच्या ह्यांची वाचा दिवाळीच्या आदल्या आठवड्यात गेली. सकाळी चहाचा कप हातातून पडला, मी ओरडले, "बघून तरी धरा!" आणि हे नुसते माझ्याकडे बघत राहिले. एरवी त्या एका वाक्यावर मला निदान चार वाक्यं ऐकावी लागली असती. परभणीच्या दवाखान्यात अकरा दिवस काढून परत आलो, तेव्हा उजवा पाय ओढत का होईना चालू लागला होता. हातही थोडा हलत होता. तोंडातून मात्र एक शब्द नाही.

डॉक्टर म्हणाले, "त्यांना कळतं बऱ्यापैकी. शब्द सापडत नाहीत. रोज सपाट वाटेनं चालवा आणि सारखं बोलत राहा."

"किती दिवस?"

"पहिल्या सहा महिन्यांत जे येईल ते येईल. पुढं अवघड असतं."

मी ते सहा महिने धरून बसले. जिंतुरातल्या आमच्या घरासमोर दिवसभर टमटमांची वर्दळ. तिथं ह्यांना कुठं चालवणार? म्हणून घराला कुलूप लावलं आणि ह्यांच्या गावी आलो. गावामागं तळं आहे. तळ्याच्या पाळूवरून, म्हणजे बांधावरून, सपाट वाट जाते, पुढं वनखात्यानं लावलेल्या सागातून वळते, मग एका पडक्या हेमाडपंती देवळापाशी येते आणि जुन्या बारवेपाशी, पायऱ्यांच्या विहिरीपाशी, संपते. सगळी मिळून अर्ध्या तासाची वाट. आम्हाला दीड तास लागायचा.

ह्यांनी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला, मी गणित. पण हे घरीही शाळा सुटू द्यायचे नाहीत. कुणी काही चुकीचं बोललं की ह्यांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. "पुरावा काय?" हा ह्यांचा ठरलेला प्रश्न. आमच्या लग्नात भाषण करणाऱ्या पाहुण्याला ह्यांनी मांडवातच थांबवून दुरुस्त केलं होतं. थोरलीच्या वेळी मी कळा सोसत होते आणि नर्स म्हणाली, हा दवाखाना निजामानं बांधलाय, तर दाराबाहेरून ह्यांचा आवाज, "नाही हो, नंतरचा आहे." मी तेव्हा म्हटलं होतं, देवा, ह्या माणसाचं तोंड एकदा बंद कर. आम्ही बौद्ध, देव मानत नाही, पण कळांमध्ये तेवढं निघून गेलं. नंतर तळ्याच्या पाळूवर चालताना ते आठवलं की स्वतःच्या दोन थोबाडीत माराव्यात असं वाटायचं.

पहिल्या आठवड्यात माझ्याकडून खरोखरच चूक झाली. बोलत राहायचं म्हणून मी काहीबाही बोलत होते. म्हणाले, "हे तळं निजामाच्या काळातलं." तळं खरं तर बहात्तरच्या दुष्काळातलं. ह्यांच्या आईनं त्यावर मातीच्या पाट्या वाहिल्या होत्या. हे जागच्या जागी थांबले. डावी भुवई वर गेली, ओठ हलले. एक टिटवी ओरडत डोक्यावरून गेली, ह्यांनी वर पाहिलं आणि पुन्हा चालायला लागले.

पण मला वाट सापडली होती. ह्या माणसाला चूक सहन होत नाही ना, मग मी चुकाच करणार. दुसऱ्या दिवसापासून मी रोज नव्या जोमानं खोटं बोलायला लागले. सागाची झाडं इंग्रजांनी लावली. देवळाचे दगड चुन्यानं जोडलेत. चुन्याचा कणही न वापरता नुसत्या खाचा घालून दगडावर दगड कसा बसवलाय, हे दाखवायला ह्यांनी तीस वर्षं पोरांच्या सहली तिथं आणल्या होत्या. मी त्या खाचेत बोट घालून म्हणायचे, "बघा, चुना!" सुरुवातीला भुवई हलायची. संक्रांतीपर्यंत भुवईही हलायची बंद झाली. मी पाच चुका केल्या, दहा केल्या, पाढे चुकवले, आमच्या लेकींचे वाढदिवस चुकवले. हे शांतपणे चालत राहायचे. इतका शांत नवरा बायका मागून घेतात म्हणे. मला तो नको होता.

सागात शेळ्या चारणारी एक म्हातारी रोज भेटायची. ती लांबूनच हाक द्यायची, "मॅडम, सर बोलायलेत का?"

"नाही ओ मावशी."

एक दिवस ती देवळापाशी येऊन बसली. म्हणाली, "पांडवांनी एका रात्रीत बांधलंय हे. लय कडक जागा हाय. नवस बोला की. तुमचं काय जायलंय?"

पांडवांनी एका रात्रीत! ह्या एका वाक्यावर हे अख्खा तास घ्यायचे. गावोगावच्या पडक्या देवळांची नावं घेऊन विचारायचे, "पांडवांना दुसरा धंदा नव्हता का?" मी ह्यांच्याकडं पाहिलं. हे शेळीच्या पिलाकडं बघत होते.

मग मी जे केलं त्याची मला अजून लाज वाटते. त्या गाभाऱ्यात मूर्तीसुद्धा नाही, पालापाचोळा आणि वटवाघळांची घाण आहे. मी चपला काढल्या, आत गेले आणि हात जोडले. बाबासाहेबांचा फोटो असलेल्या घरात वाढलेली, बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेली बाई मी. मोठ्यानं म्हणाले, "ह्यांना बोलतं कर." हात जोडताना कान मागं होते. आता तरी हा माणूस खेकसेल, काठी आपटेल, काहीतरी करेल. मागं वळून पाहिलं, तर ह्यांनी माझ्या चपला उचलून पायरीवर नीट जोडून ठेवल्या होत्या. मी तिथंच बसून रडले. म्हातारीला वाटलं, मला देव दिसला.

पाच महिने सरले. पळस फुलून झडायला लागला. रात्रंदिवस डोक्यात एकच मोजणी, पस्तीस दिवस राहिले, तीस राहिले. जीव नुसता टांगणीला. तेव्हा मी बारवेला हात घातला.

बारवेबद्दल कधी खोटं बोलले नव्हते. ह्यांची आई, माझ्या आत्याबाई, नवी नवरी म्हणून ह्या गावात आल्या तेव्हा त्यांना बारवेच्या पायऱ्या उतरायची मनाई होती. घागर घेऊन वर उभं राहायचं. वरच्या आळीतल्या कुणाच्या मनात आलं तर तो वरूनच पाणी ओतायचा. नाही आलं तर उन्हात उभं राहायचं. हे पोटात असताना त्या एकदा तिथंच चक्कर येऊन पडल्या होत्या. ह्यांनी प्रत्येक सहलीला पोरांना त्याच पायऱ्यांवर बसवून हे सांगितलं, आईचं नाव घेऊन सांगितलं. एकदा एका गावपुढाऱ्यानं म्हटलं, "सर, हे कशाला उकरून काढता?" तर हे म्हणाले, "पुरावा आहे म्हणून. माझी आई जिवंत आहे, घरी चला." आता आत्याबाई नाहीत.

तर मी त्या पायरीवर ह्यांना बसवलं आणि म्हणाले, "ही बारव सगळ्यांची होती. कुणालाच मनाई नव्हती. आत्याबाईंनी उगीच काहीतरी सांगितलं."

ह्यांनी हिरव्या पाण्याकडं पाहिलं. मग हळूच मान हलवली. होकाराची.

मी थांबायला हवं होतं. थांबले नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तिसऱ्या दिवशी पुन्हा. ह्यांचे खांदे धरून हलवायचे, "सगळ्यांची होती! म्हणा ना, खोटं बोलतेस म्हणा! अहो, एक तरी चूक काढा माझी!" हे मान हलवायचे. वीस दिवस मी त्या माणसाच्या कानात हे ओतलं.

चैत्रात एका सकाळी बारवेवर दोन मुली आल्या. परभणीच्या कॉलेजातल्या होत्या, जुन्या वास्तूंची माहिती गोळा करत होत्या. आम्हाला बघून म्हणाल्या, "आजी, तुम्ही इथल्याच का? ह्या बारवेची काही माहिती आहे का?" एकीनं वही उघडली.

परक्या पोरींना खोटं सांगायची माझी हिंमत नव्हती. मी खरं सांगायला सुरुवात केली. पायऱ्या, घागर, वरून ओतलेलं पाणी, पोटुशी असलेल्या आत्याबाई. मुली भराभर लिहीत होत्या.

"ना… नाही."

मी वळून पाहिलं. हे उभे राहिले होते. मान ताठ झाली होती, भुवई वर गेलेली. वर्गात उभे राहायचे तसे उभे होते.

"नाही," हे म्हणाले. मग ओठ दोनदा मिटले, उघडले. "सग… सगळ्यांची. सगळ्यांची होती."

मी माझ्या नवऱ्याचा आवाज ऐकत होते. घोगरा झाला होता, पण त्यांचाच होता. त्यांनी माझी चूक काढली होती, आणि चूक माझी नव्हती. ह्यांना खरंच तसं वाटत होतं, की जिभेला तेवढाच शब्द सापडला, हे मला आजही ठाऊक नाही.

"अहो, नाही, आत्याबाई…" मी म्हणाले.

ह्यांनी काठी पायरीवर आपटली. "सगळ्यांची!" चेहरा लाल झाला होता, डोळ्यांत ती जुनी जिंकल्याची चमक होती. इतक्या महिन्यांत मी ती पाहिली नव्हती. मी आणखी एकदा 'नाही' म्हणाले तर ही चमक विझेल, शब्द परत जाईल, असं वाटलं.

वहीवाली मुलगी गोंधळली. तिनं विचारलं, "मग काय लिहू, आजी?"

मी ह्यांच्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "सर म्हणतात तसं लिही."

तिनं आत्याबाईंच्या ओळीवर काट मारली.