एक डबा जास्त

“पाणी बदलल्यानं कोंबडी मरत नाही, हात बदलल्यानं मरते.”

शेडमागच्या नळावर मी पाय धूत होते. पत्र्याच्या पलीकडे आबा काकूला हे सांगत होते. आबा म्हणजे माझे थोरले काका. यावलजवळ त्यांची केळीची बाग, आणि बागेला लागून अंड्यांच्या कोंबड्यांची शेड. हात कुणाचा, हे मला लगेच कळलं. चार महिन्यांपासून मजुरीला आलेली अक्का कोंबड्यांना खाद्य घालत होती, आणि आता रोज दोन-तीन कोंबड्या मरत होत्या. त्याही चांगल्या जाडजूड. सकाळी दाणे टिपणारी दुपारी पिंजऱ्यात आडवी, तुरा पांढराफटक.

मी तेव्हा धुळ्याला, देवपुरातल्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकत होते आणि मेच्या सुटीत इथे आले होते. आदल्या दिवशी मी एक मेलेली कोंबडी डिसेक्शनच्या कात्रीने उघडली. आत चरबीचा बोटभर थर. यकृत पिवळं, सुजलेलं, बोट लावताच भुगा होणारं. त्याला चीर पडून पोटात रक्त साकळलेलं. आबा वाकून बघत होते, मागे घरचे आणि शेडवरचे सगळे.

“पाह्य, कशी लोण्यासारखी व्हती! इतकं खाऊनपिऊन सुखी, मंग मेली कायनं?”

“आबा, यकृत...” मी म्हटलं.

“पोरी, तुमच्या इंग्लिश शाळेत कोंबड्या व्हत्या का?”

सगळे हसले. मीही हसले, आणि त्याचाच मला नंतर दिवसभर राग येत राहिला.

मला सगळं माहीत होतं, पण ते इंग्रजीत माहीत होतं, आणि चार माणसांसमोर तर मला कुठल्याच भाषेत बोलता येत नसे. दाणा पोटात गेला की रक्तातून पेशींना निरोप जातो : आलंय, साठवा. पक्ष्यांत चरबी बनवायचं काम मुख्यतः यकृताचं. मग खाणं थांबलं की उलटा निरोप यायला हवा : साठवलेलं काढा. त्या पिंजऱ्यांत खाणं थांबतच नव्हतं. यकृताला एकच निरोप जात होता, साठव, साठव, आणि वरून जळगावकडचा मे महिना; चरबीने फुगलेलं यकृत शेवटी फाटत होतं.

आबांचा हिशेब केळीचा होता. खोडाला खत वाढवलं की घड भरतो. अंडी कमी झाली, म्हणून त्यांनी प्रत्येक रांगेला एक डबा खाद्य वाढवलं. अंडी आणखी कमी झाली, मग आणखी एक डबा.

अक्काच्या आधीचा माणूस त्यांनी चोरीत पकडला होता. तो त्या वाढीव खाद्यातलं रोज पिशवीभर घरी न्यायचा. ही गोष्ट आबा पाहुण्यांना रंगवून सांगत. त्याच्या काळात एकही कोंबडी अशी मेली नव्हती, हे मात्र त्यांच्या ध्यानातच येत नव्हतं. चोराच्या पिशवीने कोंबड्या जगवल्या होत्या. अक्का प्रामाणिक होती. डब्याला खालून टिचकी मारून शेवटचा दाणाही ती पन्हळीत पाडायची.

पाय धुऊन मी पुढे आले, तर आबा तिच्यासमोर उभे होते.

“सोमवारपासून येऊ नको, बाई. तुले हे काम मानवत नाही.”

अक्काच्या हातात डबा तसाच. “आबा, मी तं तुम्ही सांगलं तेवढंच टाकलं. एक दाणा कमी नाही केला.”

“तेच तं. खायला कमी नाही, मंग मरतात कायनं?”

काकू दाराकडे बघू लागली. अक्काने डबा पोत्यावर ठेवला, पदराने हात पुसले आणि चपला शोधू लागली. तिला ओरडायलाही येत नव्हतं, माझ्यासारखंच. मी तोंड उघडलं. आवाज निघाला तो भलताच मोठा, कोंबड्याही क्षणभर गप्प झाल्या.

“आबा, ती तुमचं ऐकते म्हणून त्या मरताहेत!”