बायकांची वेळ

लेकीच्या ओल्या केसांना क्लोरीनचा वास आला की मला काशीतला आमच्या मोहल्ल्याचा तरणतलाव आठवतो. मी तेव्हा तेरा वर्षांची होते. चार ते पाच बायकांची वेळ, असं फाटकावर लिहिलेलं होतं. पण पुरुष पाण्याबाहेर निघतच नसत. आम्ही मुली काठावर ताटकळत बसायचो.

एकदा आई शाळेत शिकवून परस्पर माझ्याबरोबर तिथे आली. "भैया, चार बज गए," ती रखवालदाराला म्हणाली.

"बस पाँच मिनट, बहनजी." तो खुर्चीवरून उठलाही नाही.

आईने चपला काढल्या, पदर खोचला आणि सुती साडीनिशी ती पायऱ्या उतरली. छातीभर पाण्यात दांडी धरून उभी राहिली. "अब हमारा समय है. आप लोग निकलिए."

कुणी हसलं, कुणी शिटी मारली. साडी तिच्याभोवती फुगून तरंगत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आई, घरी चल ना!"

"घरी कशाला? पोहायला आलीस ना तू?"

ती जागची हलली नाही. शेवटी एकेक जण कुरकुरत, टॉवेल शोधत बाहेर पडला.

दांडीवरची तिची बोटं पांढरी पडली होती. तेव्हा मला वाटलं, रागाने. गंगेकाठी जन्म काढूनही तिला पोहता येत नव्हतं, घाटावरही ती साखळी धरूनच डुबकी मारायची, हे माझ्या ध्यानात फार उशिरा आलं.

"आता उतर," ती म्हणाली, "आणि पाच वाजेपर्यंत बाहेर यायचं नाही."

मी पायऱ्यांकडे गेलेच नाही. सगळ्यांच्या देखत काठावरून उडी मारली.