करून पाय म्हणणारे गुरुजी

आमच्या गावच्या शाळेतल्या विज्ञानाच्या गुरुजींइतका सरळ उत्तर न देणारा माणूस गोंदिया जिल्ह्यात दुसरा नाही, आणि असेल तर त्याला माझ्यासमोर आणून दाखवावे. मी सारी हयात राईस मिलमध्ये मिस्त्री होतो, नाना तऱ्हेचे शेठ पाहिले, पण असे डोके पाहिले नाही. पोरांनी काहीही विचारले की गुरुजींचा एकच जबाब, "करून पाय," म्हणजे स्वतः करून पाहा. जेवण झाले का विचारले तरी हा माणूस आधी पोटावर हात ठेवून पाहतो, मग सांगतो.

आमची जवळची ओळख झाली ती धडकेने. नागऱ्याच्या रस्त्यावर त्यांची सायकल माझ्या सायकलवर आली आणि दोघेही पडलो. अशा वेळी माणूस दुसऱ्याला हात देतो. यांनी खिशातून खडू काढला, मी पडलो तिथे रेघ मारली, स्वतः पडले तिथे मारली आणि मधले अंतर पावलांनी मोजायला लागले. मी म्हटले, "गुरुजी, गुडघा फुटला माझा." तर म्हणतात, "हलू नका मिस्त्री. मी हलका म्हणून दूर जाऊन पडलो, हे समजलं. पण गुडघा तुमचाच काऊन फुटला?" मी म्हटले, "मग पुन्हा धडकून पाहा." ते खरेच विचारात पडले.

वर्गातही तेच. धडकेत एकाचा जोर दुसऱ्यात कसा जातो, हा धडा आला तेव्हा त्यांनी पुस्तक मिटले आणि पोरांना सांगितले, प्रयोग तुमचे तुम्ही जुळवा. मग काय, कोणी चिरलेल्या बांबूच्या पन्हळीतून काचेचे कंचे सोडून काडेपेटी किती सरकते ते पट्टीने मोजून राहिले, कोणी कॅरमच्या सोंगट्या ओळीने लावून एका टोकाला मारले की दुसऱ्या टोकाचीच का पळते ते पाहून राहिले. बाहेरून जाणाऱ्याला वर्गात जुगार भरल्यासारखा वाटे. मलाही वाटला. गुरुजींची बदली करा असा अर्ज गावात फिरला, त्यावर पहिली सही माझी. शाळा मी दुसरीत सोडली, पण सही झोकात करतो.

आठ दिवसांनी त्याच वर्गातली माझी नात तोंड पाडून घरी आली. तिच्या टोळीने लोखंडी गोळा ओल्या मातीवर सोडला होता. गोळा मातीत रुतला आणि बाजूचे काहीच सरकले नाही.

"आबाजी, जोर तर होता ना? मग गेला कुठी?"

"गुरुजीले विचार."

"विचारलं. करून पाय म्हणतात."

मला राग आला. एवढी साधी गोष्ट. म्हटले, "घणाखालच्या लोखंडाले हात लावून पाह्यला काय कधी? चटका बसते. जोर कुठी पळत नाही, पोरी. तापून बसते."

दुसऱ्या दिवशी सकाळीच गुरुजी आमच्या अंगणात. खाली मांडी घातली, वही उघडली. "मिस्त्री, नातीले सांगितलं ते पुन्हा सांगा. सावकाश." माझे बोलणे शेठने ऐकले, बायकोने ऐकले, पण लिहून कोणी घेतले नव्हते. मी तीनदा सांगितले. मग राहवेना. "गुरुजी, त्या अर्जावर माझी सही आहे."

"मालूम आहे. सही छान आहे. पुढं सांगा."

ते गेल्यावर मी पेटी उघडली. मिलच्या जुन्या मशीनचे मोसंबीएवढे दोन पोलादी गोळे मी जपून ठेवले होते. ते नातीच्या हवाली केले आणि काय करायचे ते तिचे तिला ठरवू दिले.

अर्जाची चौकशी करायला शिक्षण खात्याचे साहेब आले. सारे गाव खिडक्यांना लागले. साहेबांनी पोरांच्या वह्या चाळल्या आणि नेमके तेच विचारले, "गोळा मातीत थांबला, मग त्याची ऊर्जा कुठे गेली?" गुरुजींनी पोरांकडे पाहिले. बदली डोक्यावर, तरी हा माणूस उत्तर देईना.

नात उठली. दोन पोरींनी वहीचा कोरा कागद ताणून धरला. नातीने एकेका हातात एकेक गोळा घेतला आणि दोन्हीकडून कागदावर टक्कर मारली. ठक्. कागदाला भोक पडले, कडा काळपट.

"काडी नाही ओढली, साहेब. वास घेऊन पाहा."

साहेबांनी घेतला. "जळल्याचा येऊन राहिला."

"तोच जोर आहे. मातीतबी असाच तापून बसते, थोडा असते म्हणून हाताले समजत नाही."

साहेबांनी गोळे मागून घेतले. एक कागद फोडला, दुसरा फोडला, पाच झाले तरी खाली ठेवेनात. शेवटी घाम पुसत म्हणाले, "बदली कायले करायची? बाकीच्या शाळांनाच इथे पाठवतो." गुरुजी एवढेच बोलले, "पोरांनी केलं, साहेब. लोखंडाची गोष्ट त्या मिस्त्रींनी सांगितली," आणि खिडकीकडे बोट दाखवले. सारे गाव माझ्याकडे वळले. मी आत गेलो, साहेबांचा पेन मागितला आणि अर्जावरची माझी सही तितक्याच झोकात खोडली.

पुढच्या साली गुरुजी रिटायर होतात. तो पहिला कागद माझ्या खिशात असतो. सकाळी उन्हात धरला की भोकातून शाळेची कौले दिसतात. जळका वास आता राहिला नाही. तो कुठे गेला, हे गुरुजींना विचारायचे आहे. जबाब ठाऊक आहे, तरी विचारायचे शिल्लक ठेवले आहे. त्यांच्या शेवटच्या दिवशी माझ्याकडे बोलायला काही तरी असावे.