डाव्या ट्रेचं रबर

आमच्या कंपनीत कँटीनकडे जाताना भिंतीवर उगवत्या सूर्याचं एक पोस्टर लागतं. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलंय, ‘सकारात्मक विचार करा’. आमचे लाइन लीडर त्याच पोस्टरखाली उभे राहून लोकांना झापतात. त्यामुळे तो शब्द ऐकला की माझ्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. पण खरं सांगायचं तर मीही त्याच जातकुळीतली. काही अडलं की रडत बसण्याऐवजी ते नेमकं कुठे अडलंय हे शोधत बसायची मला खोडच आहे. नवरा त्याला ‘उचापती’ म्हणतो. म्हणू दे.

लातूरहून लग्न होऊन मी मोशीत आले आणि चाकणच्या या कंपनीत कामाला लागले. गाड्यांना लागणाऱ्या वायरींच्या जुड्या आम्ही बायका बांधतो. माझ्या शेजारच्या टेबलावर एक काकू आहेत. चाकणच्या अलीकडच्या गावातल्या, शेतकरी घरातल्या. म्हशीची धार काढून फर्स्ट शिफ्टला हजर, आणि तरी आमच्यासारखी जांभई नाही. प्रत्येक जुडीला दोन काळ्या क्लिपा लागतात, एक डावीकडची, एक उजवीकडची. दिसायला अगदी सारख्या, फक्त डावीचा दात किंचित आखूड. काकू बघायच्याच नाहीत. डावा हात डाव्या ट्रेत, उजवा उजव्या ट्रेत, टक टक, जुडी तयार. चष्मा कपाळावर आणि तोंडाने गावातल्या कुणाच्या तरी सुनेची कथा चालू.

खंडेनवमीला आमच्याकडे मशिनींची पूजा असते. आदल्या दिवशी सगळे ट्रे काढून मांडण्या पुसायच्या, मग हळदीकुंकू, झेंडूच्या माळा. गेल्या वर्षी आमच्या लाइनची सजावट माझ्याकडे होती. मी मांडण्या लखलखीत पुसल्या, ट्रे परत ठेवले आणि अशी भरगच्च माळ सोडली की क्वालिटीच्या साहेबांनीही फोटो काढला. माळेआड ट्रेवरच्या ‘डावा’, ‘उजवा’ अशा चिठ्ठ्या झाकल्या गेल्या, पण पूजेची फुलं सुकल्याशिवाय कोण काढणार? तिसऱ्या दिवशी मीच ती काढली. काकूंच्या मांडणीतला डावा ट्रे उजवीकडे होता आणि उजवा डावीकडे. मी ठेवले होते. इकडेतिकडे बघितलं, पटकन ट्रे बदलले आणि मूग गिळून बसले.

आठवड्याभरात एक अख्खी पेटी परत आली. डावी क्लिप उजवीकडे, उजवी डावीकडे. पेटीवर काकूंच्या टेबलाचा नंबर. लाइन लीडरनी शोध वगैरे काही घेतला नाही. “वय झालंय, चष्मा लागलाय, चुकणारच,” म्हणाले, आणि महिनाअखेरीला काकूंना ब्रेक द्यायचं ठरवलं. कंत्राटावरच्या माणसाला काढून टाकण्याला आमच्याकडे ब्रेक म्हणतात. ब्रेक मिळालेली बाई परत आलेली मी तरी पाहिली नाही.

त्या दुपारी काकूंनी डबा उघडलाच नाही. मला वाटलं, पगाराची काळजी असेल. म्हणाल्या, “पैशाचं काय न्हाई गं. आमच्या घरात आजवर बाईला कुणी इचारलं न्हाई. कामाला लागल्यापासनं माझा सबुद चालतोय. नातीला कालिजात म्या घातली. आता परत चुलीम्होरं बसायचं.”

मी तेव्हाही गप्प बसले. 

घरी आले तर डोक्यात तेच. माफी मागितली तर लाइन लीडर काय करतील? मलाही ब्रेक देतील, आणि पुढच्या खंडेनवमीला दुसरी कुणी ट्रे उलटे ठेवेल. चूक सांगणं तर भागच होतं, पण रिकाम्या हातांनी सांगण्यात अर्थ नव्हता. काकूंचे डोळे चुकले नव्हते. त्यांचा हात नेहमीच्याच जागी गेला होता. मग सुधारणा डोळ्यांसाठी कशाला, हातासाठी करायला हवी! माझ्या ओट्यावर साखरेचा आणि मिठाचा असे दोन एकसारखे स्टीलचे डबे आहेत. फर्स्ट शिफ्टच्या आधी अंधारात चहा करताना गोंधळ नको म्हणून मी मिठाच्या डब्याला केसांचं रबर लावून ठेवलंय. हाताला रबर लागलं की मीठ. मी तिथेच टाळी वाजवली. नवरा म्हणाला, “झाली का उचापत सुरू?”

दुसऱ्या दिवशी पंक्चरवाल्याकडून जुनी सायकलची ट्यूब आणली, तिची एक पट्टी कापली आणि कंपनीत काकूंच्या डाव्या ट्रेच्या काठाला घट्ट चढवली. बोटं आत जाताना तिच्यावर घासल्याशिवाय जाऊच शकत नव्हती. मग काकूंना बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. माळ, ट्रे, तीन दिवस, आणि माझं गप्प बसणं.

काकूंनी ऐकून घेतलं. मग टेबलावर जाऊन बसल्या. दोन दिवस माझ्याशी एक शब्द नाही. गावातल्या सुनेची कथाही बंद. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

सुधारणा सुचवायचा कंपनीचा एक फॉर्म असतो. त्यात ‘अडचणीचं कारण’ असा एक रकाना असतो. लाइन लीडर म्हणाले, “कामगाराचं दुर्लक्ष, असं लिही. सगळे तेच लिहितात.” मी लिहिलं, ‘पूजेच्या वेळी ट्रे मी उलटे ठेवले. नंतर कळलं तेव्हा सांगितलं नाही.’ त्यांनी वाचलं आणि माझ्याकडे वेड्या बाईकडे बघावं तसं बघितलं. फॉर्म मी स्वतः क्वालिटीच्या साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला.

साहेब दुसऱ्या दिवशी लाइनवर आले. फॉर्म हातात. माझ्यावर ओरडायच्या आधी म्हणाले, “आधी हे चालतं का ते बघू. काकू, डोळे मिटा.”

काकूंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि डोळे मिटले. टक टक, टक टक. पाच जुड्या झाल्या, सगळ्या बरोबर. आजूबाजूच्या बायका हात थांबवून बघायला लागल्या. तेवढ्यात साहेबांनी ओठांवर बोट ठेवलं आणि आवाज न करता दोन्ही ट्रे बदलले. 

काकूंचा डावा हात ट्रेकडे गेला. काठावर थांबला, तिथे रबर लागलं नाही. बोटं एकदा पुढे, एकदा मागे फिरली.

“सायेब,” त्या डोळे न उघडता म्हणाल्या, “तुमी ट्रे फिरवलं की. ह्या पोरीनं फिरवलं तस्संच.”

साहेब आधी चपापले आणि मग मोठ्याने हसले. लाइन लीडरकडे वळून म्हणाले, “यांना कुठेही पाठवायचं नाही. नव्या मुलींना यांच्याच शेजारी शिकायला बसवा.” मला म्हणाले, “तुझ्याशी नंतर बोलतो.” बोललेही, चांगलंच बोलले, पण नोकरी राहिली.

पुढे ती पट्टी सगळ्या लाइनींवर लागली. माझा फोटो बोर्डावर आला, तो मी सासर-माहेर दोन्हीकडे पाठवला, नवऱ्याने तर स्टेटसला ठेवला. मला अभिमान वाटतो आणि तो मी लपवत नाही. पण फोटोचा अभिमान निराळा. त्या दिवशी साहेबांचं बोलणं संपल्यावर काकूंनी डोळे उघडले, चष्मा चढवला, आणि दोन दिवसांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

“व्हय, शिकवीन की पोरींना,” त्या म्हणाल्या. “पर खंडेनवमीला ट्रे म्या लावणार. ही न्हाई.”

सगळी लाइन हसली. मी हसता हसता रडत होते आणि काकू त्या सुनेची कथा मागच्या वेळी कुठे थांबली होती ते मला विचारत होत्या.