कोकिळाबाईंचा गाडीतला फोन

रामराव ठोसरांचा डावा कान खामगावच्या जिनिंग मिलमध्ये गेला. एका दिवसात नाही गेला. बावीस वर्षं कापसाच्या यंत्रांजवळ उभं राहिल्यावर तो हळूहळू गेला, आणि जाताना उजवाही अर्धाअधिक घेऊन गेला. पुढे मिल बंद पडली. रामराव अमडापूरला घरी आले, एक जुनी सात सीटची गाडी घेतली आणि शेगावला दर्शनाला जाणाऱ्यांची ने-आण करू लागले.

त्यांच्या ऐकण्याचा खरा त्रास झाला तो कोकिळाबाईंना. नवऱ्याशी बोलायचं म्हणजे ओरडायचं. मीठ संपलं हेही ओरडून, नणंद काय बोलली हेही ओरडून. ठोसरांच्या घरातलं काही गल्लीपासून लपून राहत नसे. शेजारच्या रुखमाबाई कधी कधी रामरावांच्या आधी स्वतःच्या ओसरीवरून उत्तर देऊन मोकळ्या होत. कानाचं यंत्र आणून पाहिलं, पण त्यात सारखी शिट्टी वाजायची. फोन कानाला लावला तर नुसती कुरकूर.

तीन वर्षांपूर्वी गाडीतला जुना टेप बिघडला म्हणून रामराव चिखली रोडवर गफ्फारभाईच्या दुकानात गेले. गफ्फार गाड्यांच्या वायरिंगचं काम करायचा. मूळचा जानेफळचा, अमडापुरात येऊन त्याला चार-पाच वर्षंच झाली होती. त्यानं टेप काढून तिथं स्क्रीन बसवला, आरशाजवळ एक बारका माईक लावला आणि रामरावांचा मोबाइल मागितला.

"हे काऊन?" रामरावांनी विचारलं.

"भाऊ, फोन गाडीले जोडून देतो. मंग कानाले लावाचं कामच नाही."

स्क्रीनवर सहा आकडे आले, मोबाइलवरही तेच सहा आकडे आले. गफ्फारनं दोन्हीकडे बोट लावलं. "झालं. आता वहिनीले फोन लावा."

रामरावांनी लावला. आणि चारी दारांतल्या स्पीकरमधून कोकिळाबाईंचा आवाज आला. "काय हो? जेवाले येऊन राह्यले ना?"

रामराव तसेच बसून राहिले. त्या ओरडत नव्हत्या. कित्येक वर्षांत त्यांनी बायकोचा न ओरडलेला आवाज ऐकलाच नव्हता. तो इतका बारीक आणि थोडा हसरा आहे, हे ते पार विसरून गेले होते.

"हळू बोल अजून," ते म्हणाले.

"आँ?"

"म्हटलं, अजून हळू बोल. येते ऐकू."

त्या दिवसापासून दोघांना एक सवयच लागली. संध्याकाळी फेरी आटोपली की रामराव गाडी अंगणात लावत, काचा वर करत आणि आत बसून राहत. कोकिळाबाई स्वयंपाकघरातून फोन लावत. मध्ये जेमतेम पंधरा पावलांचं अंतर, पण दोघं अर्धा-अर्धा तास बोलत. लेक करिष्माचं सासर, तुरीची डाळ, रुखमाबाईंचे गुडघे. लग्नाला तीस वर्षं होऊन गेल्यावर त्यांना पहिल्यांदाच आपापसात बोलायला मिळालं होतं. रुखमाबाई चिडवायच्या, "काय वो कोकिळा, या वयात फोनवर?" कोकिळाबाई लाजायच्या, पण फोन ठेवायच्या नाहीत.

फक्त एका गोष्टीबद्दल दोघं कधी बोलले नाहीत. करिष्माच्या आधी त्यांना एक मुलगा होता. दोन वर्षांचा असताना तापानं फणफणला, त्या दिवशी रामरावांनी मिलमध्ये जोडपाळी धरली होती. निरोप पोचला, पण निघायला उशीर झाला. ते घरी आले तेव्हा दारात माणसं जमली होती, आणि त्या सगळ्यांच्या देखत कोकिळाबाई ओरडल्या होत्या, "तुमच्यापायी गेलं माह्यं लेकरू! मिल पाह्यजे ना तुम्हाले!" तेव्हा रामरावांचे कान शाबूत होते. त्यानंतर घरात त्या पोराचं नाव कुणी घेतलं नाही.

मागच्या वर्षी कोकिळाबाईंना धाप लागू लागली. पायावर सूज चढली. अकोल्याच्या दवाखान्यात दाखवलं तर हृदय अशक्त झालंय म्हणाले, भरती करून घेतलं. करिष्मा सासरहून आली. बायांच्या वॉर्डात पुरुषाला फार वेळ थांबू देत नसत. मग रामराव खाली येऊन गाडीत बसत, आणि वरून कोकिळाबाई फोन करत. त्यांचा आवाज आता फारच खाली गेला होता. करिष्माला खाटेजवळ उभं राहूनही कळायचं नाही, पण रामरावांना खाली गाडीत अक्षर न् अक्षर ऐकू यायचं.

बाराव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, परवा घरी न्या. रामराव लगोलग अमडापूरला आले. आजारी माणसाला आडवं करून आणायचं म्हणून मधली सीट काढायची होती, मागचा दिवाही बंद होता. त्यांनी गफ्फारला अंगणात बोलावून घेतलं. मोबाइल खिडकीत चार्जिंगला लावला आणि स्वतः मागच्या दारी चूल पेटवून पाण्याचा हंडा ठेवायला गेले. बायकोची गोधडी धुवायची होती.

अर्ध्या तासानं पुढे आले तर गफ्फार गाडीत स्टिअरिंगवर हात ठेवून नुसता बसला होता.

"झालं का बे काम?"

गफ्फारनं दचकून वर पाहिलं. "हाव भाऊ... वहिनीचा फोन आल्ता. बऱ्या हायेत."

"मले आवाज द्याचा ना!"

गफ्फार खाली पाहत पक्कड, टेस्टर पिशवीत भरू लागला. रामरावांनी गाडीत बसून उलटा फोन लावला. करिष्मानं उचलला. "आईले आताच झोप लागली बाबा. उद्या बोला."

दुसऱ्या दिवशी उजाडताच करिष्माचा फोन आला. रामराव गाडीत होते, अकोल्याला निघायला चावी फिरवत होते. चारी दारांतून लेकीचं रडणं आलं.

दहावा झाला. पाहुणे पांगले. त्या दुपारी गफ्फार आला. अंगणात करिष्मा होती, रुखमाबाई होत्या, आणखी दोघी-तिघी बसल्या होत्या. तो बराच वेळ चप्पल न काढता उभा राहिला. मग रामरावांच्या उजव्या कानाशी वाकून एवढंच म्हणाला, "भाऊ, गाडीत बसा. इथं मले ओरडून सांगता येत नाही."

रामराव बसले. गफ्फार गल्लीच्या टोकाला, चिंचेखाली गेला आणि तिथून त्यानं फोन लावला.

"भाऊ, मी गुन्हेगार हाव तुमचा. त्या दिवशी फोन वाजला. तुमचा मोबाइल खिडकीत, गाडी चालू, आवाज गाडीत आला. मी बटण दाबलं, म्हटलं सांगतो की भाऊ मांगं हायेत. पण वहिनी बोलाले लागल्या. म्हणे, ऐकून राह्यले ना? अन् माह्या तोंडातून 'हो' निघून गेला. मंग थांबवाची हिंमतच नाही झाली. त्याइले लई दम लागला होता."

रामरावांनी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं. "काय म्हणे?"

"म्हणे... शिवम गेला तेव्हा मी तुम्हाले बोलली. साऱ्या गावानं ऐकलं. ते खरं नव्हतं. ताप दोन दिवसाचा होता, मलेच कळला नाही. आपल्या अंगावरचं तुमच्यावर टाकलं. म्हणे, इतक्या वर्षात सांगाचं होतं, पण ओरडून कसं सांगू? अन् गाडीत बोलू लागलो तं वाटे, चांगलं चालू हाये, आज नको. आता हळूच सांगून राह्यली. तुम्हीच ऐका."

शिवम. ते नाव गफ्फारला माहीत असायचं काही कारणच नव्हतं. पोर गेलं तेव्हा तो या गावातही नव्हता.

"मंग?"

"मंग मले विचारलं, राग हाये का अजून? मी म्हटलं, नाही. दुसरं काय म्हणू, भाऊ? त्या म्हणे, बरं झालं. अन् ठेवला."

गफ्फार चिंचेखाली फोन धरून उभा राहिला. त्याच्या कानात आधी श्वास आला, मग एक आवाज आला. मोठ्या माणसाचं असं रडणं त्यानं कधी ऐकलं नव्हतं. गाडीच्या काचा बंद होत्या. अंगणातल्या बायांना काही कळलं नाही.

त्यानंतर दोन महिने रामराव गफ्फारच्या दुकानासमोरून मान वळवून जात. त्यानं फोन घेतला याचा राग नव्हता. बायकोला मिळालेला तो 'नाही' आपल्या तोंडचा नव्हता, हे त्यांना सोसत नव्हतं. आणि तो खराही होता! राग कधीच गेला होता. फक्त ते सांगायला त्यांनाही कधी जमलं नव्हतं. गाडीतल्या एवढ्या संध्याकाळी तुरीच्या डाळीवर गेल्या.

मग एका दुपारी शेगावहून रिकामं परतताना त्यांनी गाडी दुकानासमोर उभी केली. खाली उतरले नाहीत. गफ्फारला फोन लावला.

"गफ्फारभाई, पुन्हा एकदा सांग."

गफ्फारनं हातातलं काम ठेवलं, दुकानाच्या मागं गेला आणि सांगितलं. पुढच्या महिन्यात पुन्हा सांगितलं. करिष्मा आपल्या घरी चला म्हणून मागे लागली होती, पण रामरावांनी अमडापूर सोडलं नाही. फेऱ्या चालूच ठेवल्या. गिऱ्हाइकं फोनवर त्यांच्याशी ओरडून बोलत, त्यांना ते "हळू बोला, येते ऐकू" म्हणत.

परवा गफ्फार सांगत असताना म्हणाला, "...आता धीरानं सांगून राह्यली, तुम्हीच ऐका."

"हळूच," रामराव म्हणाले. "तिनं 'हळूच' म्हटलं होतं."

गफ्फारनं शब्द सुधारला. "हाव भाऊ. हळूच."

"मंग सांग. शिवमपासून सांग."