उजवा गाल

ऐरोलीत एकाच माडीवर दोन डॉक्टर बसायचे, एक दातांचे, दुसरे मनाचे. बाकडं मात्र दोघांच्या पेशंटना मिळून एकच. नव्वदच्या दशकात मला झोप लागेनाशी झाली होती, म्हणून दर शनिवारी मी तिथे जायचो.

तोही यायचा. रबाळ्याच्या कुठल्याशा कंपनीचा निळा शर्ट आणि उजव्या गालावर घट्ट दाबलेला रुमाल. बसला की त्याचा गुडघा हलायला लागायचा. जिन्यात पाऊल वाजलं की उठायचा, खिडकीशी जायचा, परत यायचा. त्याची चुळबुळ बघून मलाही बसवत नसे. मला वाटायचं, बिचाऱ्याची दाढ. पण नंबर आला की तो शिरायचा मनाच्या डॉक्टरांकडे, आणि निघताना रोख पैसे द्यायचा, पावती न घेता.

एकदा न राहवून मी म्हणालो, "कंपनीचा विमा असेल ना? पावती घ्या की."

"पावती दिली की आधी हापिसातला शिपाई वाचतो," तो म्हणाला. "संध्याकाळपर्यंत सगळ्या शिफ्टला कळतं, ह्याचं डोकं फिरलंय. मग मशीनवर कोन उभा करील मला?"

तेवढ्यात आमच्याच ऑफिसातले हेडक्लार्क सुजलेला गाल घेऊन जिना चढून आले. "तुम्ही इथं कसे?"

माझी नजर मनाच्या डॉक्टरांच्या दाराकडे गेली. शेजारून रुमाल माझ्या हातात आला.

"ह्यांची दाढ लय ठणकतीय सायेब," तो म्हणाला. "बोलता येत न्हाई त्यास्नी."

आणि उघड्या गालाने तो शांत बसून राहिला. गुडघा आता माझा हलत होता.