वरचं एक पान, खालचं एक पान

आमच्या दाजींना पानातलं जेवढं कळतं तेवढं जगात दुसऱ्या कोणाला कळत असेल असं मला वाटत नाही, आणि हे वाक्य लिहिताना माझ्या पोटात जे दुखतं आहे ते अपचनाचं नाही. मी संगमनेरच्या कॉलेजात एकतीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं. पानांचे रोग हा तर माझा खास विषय. दाजी म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, नात्याने माझे साडू. शिक्षण जेमतेम दहावीपर्यंत, आणि सगळी नोकरी दूध संकलन केंद्रावर फॅट काढण्यात गेलेली. पण गावात कोणाच्या दिवाणखान्यातलं झाड मान टाकायला लागलं की माणसं माझ्या घरावरून, माझ्या दारावरची डॉक्टरेटची पाटी वाचत, पुढच्या गल्लीत दाजींकडे जातात. वर मलाच विचारतात, "सर, दाजी घरी आहेत का हो?" सख्ख्या मेहुणीने दाजी म्हणावं हे ठीक, पण अख्ख्या गावाने म्हणावं? मला एकतीस वर्षांत 'सर' याच्यापुढे कोणी काही म्हटलेलं नाही.

दर रविवारी सकाळी दाजींच्या ओट्यावर दवाखाना भरतो. दवाखाना फक्त घरातल्या झाडांचा. शेतातल्या पिकाला ते हात लावत नाहीत, "त्येला दुकानदार हायेत" म्हणतात. माणसं पानं घेऊन येतात; कोणी डब्यात, कोणी ओल्या रुमालात, एक निवृत्त तलाठी तर जुन्या पासबुकात घालून आणतात. नियम एकच. पानं दोन आणायची, वरचं एक कोवळं आणि खालचं एक जून. एकच पान आणणाऱ्याला ते ओट्याच्या पायरीवरूनच परत पाठवतात. "एकाच बाजूचं ऐकून मी निकाल देत न्हाई," म्हणतात. शास्त्राच्या दृष्टीने पाहिलं तर हे अगदी बरोबर आहे. काही द्रव्यं कमी पडली की झाड जुन्या पानातून काढून नव्याला देतं, म्हणून खालची पानं आधी पिवळी पडतात; काही द्रव्यं हलतच नाहीत, म्हणून वरची पडतात. हे मी वर्गात फळ्यावर आकृत्या काढून शिकवत असे आणि मुलं खिडकीबाहेर बघत. दाजी हेच एका वाक्यात सांगतात आणि माणसं माना डोलावतात.

दाजींची तपासणीची पद्धत सरळ दुधावरून आलेली आहे. पान हातात घेण्याआधी ते आणणाऱ्या माणसाकडे रोखून बघतात आणि विचारतात, "खरं सांगा, पानी किती घातलं?" हा प्रश्न त्यांनी अकोले ते आश्वीपर्यंतच्या गवळ्यांना इतकी वर्षं विचारलाय की त्यापुढे कोणाचं काही चालत नाही. एक शाळेतल्या बाई मनी प्लँटची पानं घेऊन आल्या होत्या. प्रश्न ऐकून त्या इतक्या गडबडल्या की झाडाचं राहिलं बाजूला, पाहुणे आले की घरच्या दुधातही थोडं घालते, असं कबूल करून मोकळ्या झाल्या. दाजींनी गंभीरपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दुधाचं चालंल. झाडाला मात्र माती वाळल्याबिगर घालू नका." मी शेजारी बसलो होतो. मला त्या बाईंनी त्यांच्या मुलाच्या गुणांबद्दलसुद्धा कधी खरं सांगितलं नव्हतं.

एकदा कोर्टाजवळच्या एका वकीलसाहेबांच्या ऑफिसातलं पामचं झाड मरायला टेकलं. साहेबांनी दोन पानं पाठवली, दाजींनी ती हुंगली आणि म्हणाले, "जाग्यावर जावं लागंल." मीही बरोबर गेलो, जळणाऱ्या माणसाला घरी बसवत नाही. मी कुंडीचा निचरा पाहिला, उजेड पाहिला, पानांच्या काठांवरची करपट बघून पोटॅशवर चार वाक्यं बोललो. दाजी कुंडीपाशी उकिडवे बसून नुसत्या मुंग्या बघत होते. मग उठून म्हणाले, "वकीलसाहेब, रागावू नका, पण तुमच्या पक्षकारांस्नी तुमचा च्या आवडत न्हाई." झालं होतं ते असं, की वाट बघत बसलेली माणसं समोर आलेला चहा नको म्हणवेना म्हणून गुपचूप कुंडीत ओतत होती. चहा बदलला आणि झाड सुधारलं. वकीलसाहेब आजही भेटले की मला विचारतात, "काय सर, दाजी बरे आहेत ना?"

आता माझ्या बदनामीची गोष्ट सांगून टाकतो, कारण मी नाही सांगितली तर माझी बायको सांगेल. तीनेक वर्षांपूर्वी नाशिक रस्त्यावरच्या नव्या सोसायटीतल्या एका गृहस्थांनी मला मोबाईलवर फोटो पाठवला. बंद खोलीत, जांभळ्या दिव्याखाली, कुंडीत एक रोप. हाताच्या बोटांसारखी पसरलेली पानं, त्यांना कातरलेल्या कडा. "परदेशी तुळस आहे सर, पानं पिवळी पडतायत," असं खाली लिहिलेलं. मी चष्मा पुसला, फोटो मोठा केला आणि कळवलं की ही तुळस नसून अंबाडी आहे, खोलीत ठेवू नका, उन्हात लावा आणि कोवळी आहे तोवर भाजी करून खा, लसणाची फोडणी द्या. पुढच्या रविवारी ते गृहस्थ दोन पानं डब्यात घालून दाजींकडे गेले. दाजींनी खालचं पान बघितलं, वरचं बघितलं, डबा हुंगला आणि झाकण घट्ट लावून तो परत त्यांच्या हातात दिला. "टोकं जळाल्यात, म्हंजी खत जास्त झालंय," ते हळू आवाजात म्हणाले. "पन एक सांगतो. ह्या तुळशीच्या लग्नाला भटजी येत न्हाई, पोलीस येत्यात. घरी जाऊन उपटून टाका, म्हंजी पान्याचा बी प्रश्न मिटला." गृहस्थांनी डबा पिशवीत कोंबला आणि जाता जाता "सरांनी तर भाजी करायला सांगितली होती" एवढं पुटपुटले. ते गेल्यावर दाजी ओट्यावर अर्धा तास हसत होते. अंबाडीची आणि गांजाची पानं फसवण्याइतकी सारखी दिसतात हे कोणत्याही पुस्तकात आहे, मी स्वतः शिकवलं आहे. पण तेव्हापासून घरात अंबाडीची भाजी झाली की ही आधी मला ताट दाखवून विचारते, "नक्की ना?"

इतकं झाल्यावर मी मनातल्या मनात एका दिवसाची वाट बघत असे. दाजी चुकतील तो दिवस. माणूस आहे, कधीतरी चुकणारच. आणि तो दिवस आला तोही माझ्याच झाडावर आला.

निवृत्तीच्या वेळी विभागाने मला शाल-श्रीफळाबरोबर अनंताची कुंडी दिली होती. ती आमच्या दिवाणखान्याच्या खिडकीत असते. गेल्या उन्हाळ्यात तिची वरची पानं पिवळी पडायला लागली. पान पिवळं, शिरा हिरव्यागार, जणू कोणी बारीक कुंचल्याने काढल्यात. लोह कमी पडल्याचं इतकं स्पष्ट लक्षण मी माझ्या स्लाइडमध्येसुद्धा दाखवू शकलो नव्हतो. आमच्या बोअरच्या पाण्यात क्षार फार, त्यामुळे मातीत असलेलं लोहही झाडाला मिळत नव्हतं. मी हे हिला समजावून सांगितलं. हिने शांतपणे ऐकलं, दोन पानं तोडली आणि दाजींकडे निघाली.

त्या सुमारास दाजींनी एक नवीन प्रकार सुरू केला होता. पान हातात घ्यायचं, बोटांनी चाचपायचं आणि आणणाऱ्यालाच विचारायचं, "तुमीच सांगा, काय रंग दिसतोय?" लोकांना वाटे दाजी परीक्षा बघतात. मलाही ती शिकवण्याची उत्तम पद्धत वाटली होती आणि आपल्याला ती सुचली नाही याचा रागही आला होता. पण ही पडली त्यांची मेहुणी, लाजून म्हणाली, "मला काय कळतंय दाजी, तुम्हीच बघा ना." दाजींनी दोन्ही पानं डोळ्यांजवळ नेली, उलटीपालटी केली आणि म्हणाले, "पानी जास्त झालंय. आठ दिस बंद करा."

चूक. साफ चूक. मला त्या रात्री किती छान झोप लागली हे सांगायला लाज वाटते. मी हिराकस, म्हणजे लोहाचं सल्फेट, आणलं, पाण्यात अगदी थोडं विरघळवलं आणि अनंताच्या एकाच फांदीवर फवारलं. दुसरी मुद्दाम तशीच ठेवली. पंधरवड्यात फवारलेली फांदी हिरवी झाली, दुसरी पिवळीच राहिली. पुराव्यात कसर नको होती. रविवारी मी दोन्ही फांद्यांचं एकेक वरचं पान घेऊन ओट्यावर गेलो. दहा-बारा माणसं बसली होती. मी सगळ्यांदेखत ती पानं दाजींच्या दोन तळहातांवर ठेवली आणि अगदी गोड आवाजात म्हणालो, "दाजी, यातलं आजारी कुठलं?"

दाजींनी अंगठे पानांवरून फिरवले. पुन्हा फिरवले. पानं उन्हात धरली, मग सावलीत. दारात आक्का, म्हणजे हिची थोरली बहीण, हातात ट्रे घेऊन उभी होती, आणि तिने माझ्याकडे असं बघितलं की मला ते अजून विसरता आलेलं नाही. मग दाजी हसले आणि म्हणाले, "साडूभाऊ, तुमीच सांगा, काय रंग दिसतोय?"

तेव्हा मला कळलं. एक पान लिंबासारखं पिवळं, एक हिरवंगार, आणि दाजींना त्यात फरक दिसत नव्हता. ती परीक्षा नव्हती, पद्धत नव्हती. ते प्रत्येकाचे डोळे मागून घेत होते. मी इतकी वर्षं ज्या क्षणाची वाट बघितली तो माझ्यापुढे पानासारखा उघडा पडला होता. मी "दोन्ही सारखीच आहेत" म्हणालो असतो तरी दाजींचं गुपित चारचौघांत फुटलं असतं. तोंडाशी आलंही होतं, खोटं का बोलू.

"डाव्या हातातलं पिवळं आहे, दाजी," मी म्हणालो. "कोवळं पान. शिरा मात्र हिरव्या आहेत."

"मग त्याला लोखंड कमी पडतंय," दाजी ताबडतोब म्हणाले. "मागल्या बारीला म्या पान्याचं सांगितलं, ते चुकलं. बोअरचं पानी घालताय न्हवं? ते बंद करा, पिण्याचं घाला. आनि हिराकस द्या चिमूटभर." माणसांनी "वा दाजी!" केलं. "चूक कबूल करायला मोठेपणा लागतो," असं तलाठी माझ्याकडे बघून म्हणाले. माझा पंधरा दिवसांचा प्रयोग माझ्या डोळ्यांदेखत दाजींच्या नावावर जमा झाला आणि आक्काने मला चहाबरोबर दोन लाडू जास्त दिले.

माणसं गेल्यावर दाजी म्हणाले, "शुगरनं डोळ्याचा पडदा गेलाय. डाक्टर म्हनला, हाय तेवढं जपा, गेलेलं येनार न्हाई." थोडा वेळ ते पायरी चाचपत बसले. "कोनाला बोलू नका, साडूभाऊ. लोकं पानं आनायची बंद व्हतील. मग रविवारचं मी करू काय?" त्यांनी माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. हे मी इथे लिहितो आहे ते एवढ्याच भरवशावर, की दाजींच्या ओट्यावर येणारा एकही माणूस माझं लिखाण वाचत नाही, याचा मला दांडगा अनुभव आहे.

तेव्हापासून दर रविवारी मी त्यांच्या शेजारी बसतो आणि रंग सांगतो. गावात बोललं जातं की सर निवृत्तीनंतर दाजींच्या हाताखाली शिकतायत. आणि ते अगदीच खोटं नाही. पहिल्या दिवशी मी "पिवळं" म्हणालो तर दाजी म्हणाले, "कसलं पिवळं? हळदीचं, का लिंबाचं, का जुन्या कागदाचं?" एकतीस वर्षं मी पिवळं म्हणजे पिवळं असं शिकवत आलो होतो. आता मी आठवडाभर गावात पानं बघत हिंडतो, म्हाळुंगी नदीच्या काठानेसुद्धा, आणि रविवारी म्हणतो, "दाजी, पिकल्या पेरूच्या सालीसारखं, देठाकडे जरा हिरवट." ते डोळे मिटतात, मान हलवतात. "आता दिसलं," म्हणतात. ज्याला दिसत नाही त्याला माझ्यापेक्षा जास्त दिसावं, याचा मला अजूनही हेवा वाटतो. त्यांना कमी दिसत चाललंय याचं वाईटही वाटतं, आणि ही दोन्ही दुखणी आता एकाच जागी दुखतात.

परवा अनंताला पहिलं फूल आलं. मी ते ओंजळीत धरून दाजींकडे नेलं आणि सवयीने सांगायला लागलो. "ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. फूल नाकाशी धरून बराच वेळ बसले. "ह्ये मला येतंय अजून. ह्याचं सांगायचं न्हाई."

घरी परतलो तर ही शेजारच्या वहिनींना कुंडी दाखवत होती. "दाजी नसते तर गेलंच होतं हो झाड. आमच्या घरात एवढे शिकलेले, पण काय उपयोग?" वहिनींनी माझ्याकडे बघितलं. हिराकसची उरलेली पुडी माझ्या टेबलाच्या खणात आहे, प्रयोगाच्या तारखा घातलेल्या वहीसकट.

"हो," मी म्हणालो, "दाजींनीच वाचवलं." पोटात दुखायचं तेवढं दुखलंच.